काठोकाठ भरलेला कप

किटलीचा आवाज असा होता की ती स्वयंपाकघरातून हळूच कुजबुजली तरी शेजारच्या घरात लोक कान देऊन ऐकायचे नाहीत, कारण त्याची गरजच नसायची. "अगं, जरा हळू," असं म्हणण्यातच तिच्या नवऱ्याचं निम्मं आयुष्य गेलं. नवरा कापडाच्या कारखान्यात फाटकावर पहारेकरी आणि ती त्याच कारखान्यात चहा देणारी. पितळेची भलीमोठी किटली उजव्या हातात, कपांची टोपली डाव्या हातात. त्या किटलीवरूनच तिचं नाव पडलं आणि ते इतकं चिकटलं की सासूसुद्धा "आमची किटली" म्हणायची.

एवढा दणदणीत आवाज, पण जिथे ती दिवसभर वावरायची त्या मागशाळेत त्याचा काडीचा उपयोग नव्हता. तिथे शेकडो माग एकदम खडखडत. कानात कापसाचे बोळे घातले तरी दात हलल्यासारखे वाटत. शेजारी उभ्या माणसाने बोंब मारली तरी ऐकू येत नसे. म्हणून मागशाळेतली माणसं तोंडाने आवाज काढतच नसत. नुसते ओठ हलवायचे, मोठे मोठे, स्पष्ट, आणि जोडीला हाताच्या खुणा. समोरच्याने ते डोळ्यांनी वाचायचं. या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईला सुनेच्या कागाळ्या सांगायची आणि मध्ये उभा असलेला मुकादम त्यातलं निम्मं वाचून हसू दाबायचा.

किटलीची धाकटी बहीण तिथेच मागावर होती. दोघी बहिणी दोघा भावांना दिलेल्या, म्हणजे सख्ख्या बहिणी आणि सख्ख्या जावा. धाकटीचा नवरा बोटीवर कामाला, वर्षातून एकदा उगवायचा. दोघी संध्याकाळी घरी आल्या की सासूसमोर बसून भाजी निवडत आणि सासूबद्दलच ओठांनी बोलत. सासू म्हणायची, "रवंथ करताय का गं दोघी?" की यांची हसून मुरकुंडी. पुढे एकदा सासू सहज म्हणाली, "मी तुमच्या आधी वीस वर्षं त्याच मागशाळेत होते, पोरींनो," तेव्हा दोघींचे चेहरे असे उतरले की भाजी तशीच राहिली.

तर अशी ही बिनआवाजाची बोली. आणि त्या बोलीत एक गोष्ट बरेच दिवस शिजत होती.

मागशाळेला मागच्या बाजूला एक दार होतं. त्याला बाहेरून साखळी. कोणी कापड घेऊन पळू नये म्हणून. आत सगळीकडे कापसाचे तंतू उडतात, एक ठिणगी पडायचा अवकाश. मागे एकदा कोपऱ्यात पेट घेतला तेव्हा सगळी माणसं पुढच्या एका दाराशी चेंगरली होती. जीव गेला नाही कुणाचा, पण दोन बायकांचे हात मोडले. तेव्हापासून मागशाळेचं ठरत आलं होतं: एके दिवशी सगळ्यांनी मिळून माग बंद करायचे आणि साखळी काढेपर्यंत चालू करायचे नाहीत. दिवस ठरायचा होता. बोलणं राजरोस चाललं होतं, मुकादमांच्या नाकासमोर, ओठांनी.

आणि मग नवे साहेब आले.

हे साहेब ओरडणारे नव्हते. आधीचे साहेब शिव्या द्यायचे, टेबलावर हात आपटायचे, आणि लोक त्यांना मनातून अजिबात भीत नसत. हे मऊ बोलायचे. सगळ्यांना "तुम्ही" म्हणायचे. मागशाळेच्या वर, जिना चढून, काचेची एक खोली होती. तिथून खालचा माग न् माग दिसे आणि खालून वरची खुर्ची न् खुर्ची. साहेबांनी पहिल्याच आठवड्यात आपलं टेबल फिरवून घेतलं. स्वतःचं तोंड काचेकडे, समोर बसणाऱ्याची पाठ काचेकडे.

मग त्यांनी किटलीला वर बोलावलं.

"तुम्ही चहा छान करता असं ऐकलं," साहेब म्हणाले. "रोज चारच्या सुमाराला मी आपल्या माणसांपैकी एकाला चहाला बोलावणार आहे. ओळख वाढवायला. तुम्ही इथे माझ्या मागे थांबायचं. कप काठोकाठ भरायचा. अर्धवट कप दिला की माणसाला परकं वाटतं."

"भरीन की, साहेब."

"आणि इथलं इथेच. तुमचे यजमान फाटकावर असतात ना? सावलीतली जागा आहे. टिकली पाहिजे."

एवढंच. आवाज इतका गोड की किटलीला जिना उतरल्यावर कळलं की आपल्याला धमकी मिळाली.

पहिला पाहुणा दाढीवाला. साखळीचा विषय त्यानेच काढला होता, त्याच्या शब्दावर मागशाळा हलायची. तो छाती काढून वर गेला. साहेबांनी त्याला बसवलं, किटलीने कप भरला, अगदी काठापर्यंत. बिनकानाचा कप, उकळता चहा. दाढीवाल्याने दोन्ही हातांनी धरला, सांडू नये म्हणून मान खाली घातली आणि कपावर नजर रोवून फुंकर घालत राहिला. अंगावर स्वच्छ सदरा, समोर साहेबांचे कागद. कुणीही तसंच केलं असतं.

आणि साहेब बोलू लागले.

म्हणजे किटलीला मागून त्यांचे गाल हलताना दिसत होते, जबडा वरखाली होत होता, मान डोलत होती. पण कानावर शब्द पडत नव्हता. खोलीचं दार जाड, खालचा खडखडाट इथे दुरून आल्यासारखा. घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. दाढीवाल्याची फुंकर ऐकू येत होती. साहेबांचं बोलणं तेवढं नाही. तिला वाटलं आपल्या कानाला काही झालं. तिने बाजूच्या कपाटाच्या चकचकीत दारात पाहिलं. त्यात साहेबांचं तोंड दिसत होतं आणि ओठ सावकाश, मोठे मोठे, स्पष्ट हलत होते. मागशाळेत हलवतात तसे.

"चष्मेवाला. हं. जाडी. साखळी. अच्छा, कधी? शनिवारी?"

आवाज नाही. साहेब मध्येच मान हलवत, जणू समोरच्याने काही सांगितलं. दाढीवाला कपात बघतोय. मग साहेबांनी मोठ्याने म्हटलं, "छान. या आता."

खाली मागशाळेने सगळं पाहिलं होतं. दाढीवाल्याची वाकलेली पाठ पाहिली, पुढे झुकून काही सांगतो आहे अशी. आणि साहेबांच्या ओठांवर आपल्यातल्या एकेकाचं नाव वाचलं. कान फसवतात असं मागशाळेतला प्रत्येक माणूस म्हणे, पण डोळ्यांनी वाचलेल्यावर त्यांचा संपूर्ण विश्वास. ज्यावर त्यांचं सगळं चाललं होतं तिथेच साहेबांनी बोट ठेवलं.

दाढीवाला खाली आला आणि ओठांनी म्हणाला, "काही नाही रे, चहा पाजला नुसता."

त्याच्याकडे कुणी पाहिलंच नाही.

आता हे नीट समजून घ्यायला हवं. जिथे बोलणं डोळ्यांनी ऐकायचं, तिथे मान फिरवली की माणूस मुका होतो. शिवी द्यायला नको, भांडायला नको. दाढीवाला आठवडाभर एकेकासमोर जाऊन ओठ हलवत होता आणि लोक आपल्या मागावरच्या धाग्यांत डोळे घालून उभे. शेवटी तो काम सोडून गेला. जाताना फाटकावर किटलीच्या नवऱ्याला म्हणाला, "दादा, तुमच्या बायकोला विचारा. ती होती तिथे."

नवऱ्याने घरी येऊन विचारलं नाही. त्याने भाकरीचा तुकडा मोडता मोडता एवढंच म्हटलं, "हे बघ, काही असलं तरी मला सांगू नकोस."

आणि किटलीने, जिच्या तोंडाला कधी कुलूप ठाऊक नव्हतं तिने, सांगितलं नाही.

मग रोज एक पाहुणा. कधी चष्मेवाला, कधी कुणी म्हातारी. चार वाजत आले की सगळ्या मागशाळेचे डोळे वर काचेकडे लागत. आज कोणाचं नाव येतं? माझं येतं का? प्रत्येकाने प्रत्येकाचं नाव साहेबांच्या तोंडी वाचलं होतं, आणि प्रत्येकाला वाटे की ते आणखी कुणीतरी पोचवलं. ओठ मिटले. हाताच्या खुणा बंद झाल्या. साखळीचा विषय कोणी काढीना. साहेबांनी एकाला काढलं नाही, एकाचा पगार कापला नाही, आवाज तर अक्षरशः चढवला नाही. नुसत्या चहावर आख्खी मागशाळा गप्प.

किटली रोज कप काठोकाठ भरत होती.

एके दिवशी मुकादम धाकटीजवळ गेला आणि त्याने वर बोट केलं.

धाकटी जिना चढून आत आली तेव्हा तिच्या केसांवर, भुवयांवर कापसाचे तंतू होते. तिने बहिणीकडे पाहिलं. किटलीने नजर कपात घातली. भरला. काठोकाठ. धाकटीने दोन्ही हातांनी धरला, मान खाली. कपाटाच्या दारात साहेबांचे ओठ: "जाडी. हं. ती म्हणाली? जाडीच ना?"

जाडी म्हणजे धाकटीच्या शेजारच्या मागावरची बाई. अंगाने भरदार, मनाने त्याहून. धाकटीच्या बाळंतपणात हिनेच दोन्ही माग सांभाळले होते. धाकटी खाली आली आणि सवयीने जाडीकडे तोंड करून म्हणाली, "मेला चहा, जीभ भाजली." जाडी दोन पावलं सरकली आणि पाठ करून उभी राहिली.

त्या संध्याकाळी धाकटीने भाजीची टोपली ढकलून दिली.

"ताई, तू तिथे होतीस."

"होते."

"मी एक शब्द बोलले का?"

"नाही."

"मग सांग ना जाऊन! एरवी गल्लीला ऐकू जाईल एवढा घसा आहे तुझा!"

"यांची नोकरी आहे फाटकावर. या घरात तुझ्या पोरासकट सगळे त्यावरच जेवतात, बोटीवरून पैसे येतील तेव्हा येतील."

"म्हणजे मी वाळीत पडले तरी चालेल."

किटलीने टोपली पुन्हा पुढे ओढली. सासू कोपऱ्यात बसली होती. तिचे ओठ हलले, आवाजाशिवाय. किटलीने ते वाचलं. "मागावर एकटी बाई फार दिवस टिकत नाही गं."

त्याचा अर्थ दोनच दिवसांत कळला. मागावर धोटा असतो, लाकडी, दोन्ही टोकांना लोखंडी अणी, आणि तो धागा घेऊन या बाजूने त्या बाजूला सुसाट धावत असतो. त्याला ढकलणारी चामड्याची वादी सैल झाली की धोटा वाट सोडून बंदुकीच्या गोळीसारखा बाहेर उडतो. स्वतःच्या मागाची वादी स्वतःला दिसत नाही, शेजारणीला दिसते. म्हणून शेजारीण सांगते, ही तिथली जुनी रीत. जाडीला धाकटीची वादी सैल झालेली दिसली होती. तिने पाहिलं आणि मान फिरवली.

धोटा धाकटीच्या डोळ्याच्या कडेला घासून गेला आणि भिंतीत रुतला. बोटभर इकडे असता तर डोळा गेला असता, चार बोटं इकडे असता तर धाकटीच. ती रक्ताने भरलेला चेहरा हाताने धरून उभी आणि आजूबाजूचे माग खडखडत चालूच. किटली टोपली टाकून धावली. कप फुटले ते कुणाला ऐकू आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने जाडीला नळाशी गाठलं.

"साहेबांना आवाज नसतो आत," तिने शक्य तितक्या हळू सांगितलं, तरी नळावरच्या तिघी वळल्या. "ते नुसते ओठ हलवतात. नावं त्यांना मुकादमाकडून मिळालेली. कुणीच काही सांगत नाही."

जाडी हात धूत राहिली. "तू तर म्हणणारच. बहीण आहे तुझी."

"अगं, डोळ्यांनी बघते मी!"

"मीही डोळ्यांनीच बघितलं," जाडी म्हणाली. "आणि इतके दिवस तुझं तोंड शिवलं होतं का? रोज त्यांच्या पाठीशी उभी असतेस. तूच त्यांची." तिलाही भीती होतीच. साहेबांच्या ओठांवर सगळ्यात जास्त वेळा तिचंच नाव आलं होतं.

आणि त्याच दुपारी मुकादमाने जाडीसमोर उभं राहून वर बोट केलं.

जाडी जिना चढत होती तेव्हा मागावरची नजर काढून सगळ्यांची तोंडं वर झाली. धाकटीचंही, डोळ्यावर पट्टी असलेलं. किटली साहेबांच्या मागे, किटली हातात. आज तोंड उघडलं तर उद्यापासून नवरा फाटकावर नसेल. घरात चूल पेटेल की नाही. आणि खाली धाकटी तिच्या मागाशी एकटी, शेजारचा माग रिकामा.

"बसा," साहेब म्हणाले. "चहा."

किटलीने कप भरला. अर्धा. आणि थांबली.

"काठोकाठ," साहेब मागे न बघता म्हणाले.

"संपला, साहेब. आज एवढाच."

जाडीने अर्धा कप हातात घेतला. सांडायची भीती नव्हती, त्यामुळे मान खाली घालायचं कारण नव्हतं. तिने वर पाहिलं. साहेबांचे ओठ हलत होते. "धाकटी. अच्छा. धाकटी म्हणाली." जाडीचे कान टवकारले, आणि त्यांत घड्याळाच्या टिकटिकीखेरीज काही शिरेना. तिच्या तोंडाचा आ झाला. तिने साहेबांच्या खांद्यावरून मागे पाहिलं.

साहेबांच्या पाठीमागे, काचेकडे तोंड करून, किटलीही बोलत होती. आवाज न काढता. ओठ मोठे मोठे, स्पष्ट, मागशाळेत हलवतात तसे.

"आवाज नाही. हे मुके आहेत. आम्ही कुणी काही सांगत नाही. आवाज नाही."

खाली सगळे वर बघतच होते. रोजच्या भीतीने लावलेली सवय. एका काचेत वरखाली दोन तोंडं. खालचं म्हणतंय "धाकटी म्हणाली," वरचं म्हणतंय "खोटं. आवाज नाही."

साहेबांना काहीतरी जाणवलं. रोज खालचे डोळे त्यांच्या तोंडावर खिळलेले असत. आज ते वीतभर वर होते. ते गर्रकन वळले.

किटली किटलीचं तोंड फडक्याने पुसत होती.

"तुम्ही काही म्हणालात?"

"मी?" किटली म्हणाली, आणि त्या बंद खोलीत तिचा आवाज घंटेसारखा वाजला. "मी म्हटलं असतं तर ऐकू आलं नसतं का, साहेब?"

जाडीला हसू फुटलं. भीतीनेच फुटलं असावं, पण फुटलं, आणि चहा नाकात गेला.

तेवढ्यात खाली एक माग थांबला. मग दुसरा. चष्मेवाल्याचा थांबला, त्या म्हातारीचा थांबला. खडखडाट विरत विरत गेला आणि ज्या शांततेची त्या मागशाळेला ओळखच नव्हती ती पसरली. सगळ्यांची तोंडं वर. आणि सगळ्यांचे ओठ एकदम हलले. आवाज कुणाचाच नाही.

साहेबांनी एवढ्या दिवसांत ओठ हलवायला शिकून घेतलं होतं. वाचायला शिकले नव्हते. गरजच काय होती? त्यांचा चेहरा पहिल्यांदाच पांढरा पडला.

"काय म्हणतायत ते?" त्यांनी विचारलं. मग जरा हळू, त्याच गोड आवाजात, "नीट विचार करून सांगा. तुमचे यजमान..."

किटलीला नवरा दिसला, सावलीत स्टुलावर बसलेला, भाकरीचा तुकडा मोडणारा. तिने श्वास घेतला.

"ऐकू येत नाही म्हणतायत, साहेब," ती म्हणाली. हळू म्हणायचा तिने या वेळी प्रयत्नही केला नाही. "जरा मोठ्याने बोला म्हणतायत."

खाली माग बंद होते. दार जाड होतं. तरी शेवटच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या माणसापर्यंत ते पोचलं.

दुसऱ्या दिवशी काचेवर पडदा आला. पडद्याआड चहाला बोलावण्यात साहेबांना गोडी वाटेनाशी झाली, कारण बघायला कुणी नसेल तर तो चहा म्हणजे नुसताच चहा. किटलीला वर यायला बंदी झाली. नवऱ्याची सावली गेली: त्याला उचलून मागच्या दाराशी उभं केलं, भर उन्हात. तिसऱ्या दिवशी तो घरी येऊन म्हणाला, "त्या दाराला आता पहारेकरी आहे, मग साखळी कशाला, असं मी मुकादमाला विचारलं." साखळी लगेच निघाली नाही. मागशाळा दोनदा थांबवावी लागली तेव्हा निघाली. पण विचारणारा पहिला हा, ज्याला काही सांगू नकोस म्हणायची सवय होती.

मात्र त्या दुपारचं सांगायचं राहिलं. जाडी जिना उतरून खाली आली तेव्हा माग पुन्हा सुरू झाले होते. ती आपल्या जागी गेली. धाकटी शेजारी, पट्टी नसलेल्या डोळ्याने स्वतःच्या कापडाकडे बघत. किटली जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसलेली, रिकामी किटली हातात.

जाडीने हात लांब करून धाकटीच्या खांद्यावर टिचकी मारली. धाकटी वळली. जाडीचं तोंड वेडंवाकडं झालं होतं, ओठ नीट हलेनात, म्हणून तिला तेच दोनदा म्हणावं लागलं.

"वादी बदलून घे. परत सैल झालीय."

धाकटीने तिच्याकडे पाहिलं. आपल्या डोळ्यावरच्या पट्टीवर बोट ठेवलं.

"आत्ता सांगतेस होय गं, म्हशी?" तिचे ओठ म्हणाले, आणि तिने माग थांबवला.